कागदावर नसलेली गुराब

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या गुराबेच्या मॉडेलवर काचेची पेटी बसली. गुराब म्हणजे मराठा आरमारातलं दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. काम सुरू केलं होतं जून २०२२ मध्ये. या मधल्या काळात "मराठा आरमाराचं जहाज बांधायचंय, प्लॅन कुठे मिळेल?" असं विचारणारे बरेच जण भेटले. सगळ्यांना तुटक तुटक उत्तरं दिली, आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

प्लॅन मिळत नाही. मला तरी कुठे मिळाला नाही. हौशी मंडळी सहसा बाहेरच्या नामांकित जहाजांचे किट घेतात. त्यात आराखडा, कापलेले तुकडे, दोरे, सगळं येतं, आणि चूक-बरोबर ठरवायला समोर छापील कागद असतो. गुराबेच्या बाबतीत कोकणातल्या सुताराने डोळ्याने बांधलेलं जहाज, तेही अडीचशे वर्षांपूर्वी जळून नाहीतर कुजून गेलेलं, एवढंच आपल्या हाती. शोकेसमध्ये ठेवायची "मराठा जहाजं" विकत मिळतात, पण ती बघावीत तर मागचा भाग स्पॅनिश गॅलियनचा, पुढे सिंहाचं तोंड आणि प्रत्येक डोलकाठीवर निशाण. शोभेला ठीक आहेत. मला मात्र असं मॉडेल हवं होतं की एखाद्याने कुठल्याही फळीवर बोट ठेवून "हे कशावरून?" विचारलं तर उत्तर देता यावं.

सगळ्यात आधी ठरवायचा तो काळ. "शिवकाळ ते पेशवाई" असं मोघम धरलं की कुठलाही पुरावा कुठेही चिकटवता येतो. मी १७५० च्या आसपासचं विजयदुर्ग घेतलं, म्हणजे तिथले आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचा काळ. कारण साधं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडून पकडलेल्या 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर गोळा पडून आग लागली आणि त्या आगीत सगळं आरमार जळालं. या मोहिमेमुळे इंग्रजांनी आंग्र्यांच्या जहाजांबद्दल बरंच लिहून ठेवलं. ज्याने जाळलं त्याच्याच लिखाणावर विसंबावं लागतं याचा राग येतो, पण इलाज नाही.

मुख्य आधार रॉबर्ट ऑर्म. कंपनीचा इतिहासकार, १७६३ मध्ये छापलेल्या खंडात त्याने गुराब आणि गलबत दोन्हींचं वर्णन केलंय. मजकूर जेमतेम पानभर, पण वाचणाऱ्याने सुताराच्या नजरेने वाचला तर त्यात खूप आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांच्या वर नसे, तीनची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी फार, आणि मधून टोकाकडे निमुळती होत जाणारी. जहाजाच्या पुढच्या टोकाला नेहमीची फुगीर नाळ नाही, तर भूमध्य समुद्रातल्या गॅलीला, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजाला, असतं तसं पुढे आलेलं नाक. या नाकावर मुख्य डेकच्याच पातळीत भक्कम डेक, आणि दोन्हींच्या मधे एक आडवी भिंत. नाकाला कठडा नाही, कारण समोरून लाटा आल्या की गुराब नाक पाण्यात घालते. ते पाणी न अडता वाहून गेलं पाहिजे. आणि आडव्या भिंतीतल्या खिडक्यांतून ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा मारणाऱ्या, दोन तोफा त्या नाकावरून सरळ पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी.

मी हा मजकूर वहीत एकेक वाक्य सुटं करून लिहिला आणि प्रत्येक वाक्यापुढे "यावरून मॉडेलमध्ये काय ठरतं?" असा रकाना केला. तुम्हीही हेच करा. आठवडा जातो, पण पुढचे महिने वाचतात.

मग चित्रं. डॉमिनिक सर्सने काढलेलं गिरियाच्या, म्हणजे विजयदुर्गच्या, पाडावाचं चित्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. संकेतस्थळावरची लहान प्रतिमा बघून काही कळत नाही, मोठी मागवावी लागते. फॉर्ममध्ये प्रतिमा कशासाठी हवी ते विचारतात: खाजगी अभ्यास, छपाई, प्रदर्शन. जे खरं आहे तेच भरा, परवानगी आणि फी त्यावर ठरते. नंतर मॉडेलशेजारी ती प्रतिमा लावायची झाली तर त्याची परवानगी वेगळी. पैसे पौंडांत, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. माझा पहिला व्यवहार बँकेने अडवला आणि परत सगळा फॉर्म भरावा लागला. चित्र आल्यावर आनंद झाला आणि लगेच सावधही झाले. सर्सने ते प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी इंग्लंडात बसून रंगवलंय. त्यातला धूर, इंग्रजी जहाजांचे दोर यावर विश्वास ठेवावा. आंग्र्यांच्या जहाजांचा घाट त्याच्यापर्यंत कोणाकोणाच्या तोंडून पोचला असेल कोण जाणे. सॉल्विन्स या चित्रकारानेही गुराब काढली आहे, पण ती कलकत्त्यात, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. प्रांत वेगळा, पिढी वेगळी. नाकाची ठेवण ताडून पाहायला उपयोग झाला, बाकी मी बाजूला ठेवलं.

मराठी कागदांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात गेले. अर्ज, ओळखपत्राची प्रत, अभ्यासाचा विषय. विषयात नुसतं "मराठा आरमार" लिहू नका. काळ आणि ठाणं लिहा, म्हणजे समोरच्याला मदत करता येते. पेशवे दप्तर रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेलं आहे आणि मोडीत आहे. माझी मोडी अडखळत चालणारी, त्यामुळे निवडक कागद एका जाणकारांकडून पानाच्या हिशेबाने वाचून घेतले. मिळालेले कागद १७५६ नंतरचे, विजयदुर्गला पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांचा कारभार आल्यावरचे. त्यांत माणसं, धान्य, दारूगोळा, दुरुस्तीचा खर्च. लांबी-रुंदी नाही. ज्याने हुकूम लिहिला त्याला ती लिहायची गरजच नव्हती. सुताराला ठाऊक होती. जहाजाचं माप आलं तर खंडीत, म्हणजे माल मोजायच्या जुन्या मापात, आणि खंडी प्रांतोप्रांती वेगळी. चार महिने यात गेले. हाती थेट काही लागलं नाही, तरी दुरुस्तीच्या यादीतल्या काथ्या, खिळे, डांबर अशा शब्दांनी पुढे दोर आणि रंगाच्या निर्णयांना बळ दिलं.

आता माप कसं ठरवायचं? इथे बहुतेक जण अंदाजाने दीड फुटाचं मॉडेल करून मोकळे होतात. मी उलट गेले. त्या काळी इंग्रज लोक टन काढत ते वजनाचे नव्हेत, आकारमानाचे. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचं, परत निम्म्या रुंदीने गुणायचं आणि ९४ ने भागायचं. सगळं फुटांत. ऑर्म १५० टन म्हणतो आणि "लांबीच्या मानाने फार रुंद" म्हणतो. वेगवेगळ्या जोड्या घालून पाहिल्या. लांबी ७२ आणि रुंदी २२ फूट घेतली की ७२ वजा १३.२ म्हणजे ५८.८, गुणिले २२, गुणिले ११, भागिले ९४: १५१ टन. रुंदी २० वर आणली तर तेवढ्याच टनांना लांबी ८२ च्या पुढे जाते आणि जहाज सडपातळ दिसायला लागतं, मग ऑर्मचं वाक्य खोटं पडतं. म्हणून ७२ बाय २२, नाक वेगळं. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८ या प्रमाणात अंग ४५७ मिमी लांब, १४० मिमी रुंद.

ऑर्मने टन याच रीतीने धरले असतील हा माझा तर्क आहे. असे तर्क पुढे ढिगाने होणार हे दिसत होतं, म्हणून एक नोंदवही केली आणि मॉडेलच्या प्रत्येक भागापुढे एक अक्षर लिहायला लागले: 'स' म्हणजे साधार, 'त' म्हणजे तर्क, 'उ' म्हणजे उसनं, दुसऱ्या जातीच्या जहाजावरून घेतलेलं. लांबी-रुंदी 'त'. बिनकठड्याचं नाक 'स'. मोठ्या डोलकाठीची उंची मी लांबी आणि रुंदीच्या बेरजेच्या निम्मी धरली, ४७ फूट. ही इंग्रजी रीत, म्हणून 'उ'. वही भरत गेली तसं एक गोष्ट स्वच्छ दिसली की शिडं, परबाण (शीड बांधायचे आडवे वासे), निशाणं, माणसं या सगळ्यांपुढे नुसते 'उ' पडताहेत. अंगाला, नाकाला, तोफांना मात्र 'स' किंवा बरा 'त'.

मग मॉडेलचा क्षणच बदलला. भर समुद्रात शिडं फुगवलेली गुराब करायची नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गोदीत घेतलेली गुराब करायची: शिडं उतरलेली, परबाण काढून ठेवलेले, नुसत्या डोलकाठ्या उभ्या. पावसाळ्यात या किनाऱ्यावरची जहाजं समुद्रात नसतच, त्यामुळे हा क्षण दरवर्षी येणारा, खोटा नव्हे. आणि आपल्या पुराव्याला पेलेल एवढंच दाखवायचं असेल तर याहून सोयीचा क्षण नाही. घरच्यांना हे फारसं रुचलं नाही. "एवढी मेहनत करून बिनशिडाचं?" पण माझ्या दृष्टीने सगळ्या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

डिसेंबर २०२२ मध्ये विजयदुर्गला गेले ते यासाठीच. किल्ला सगळे बघतात, गोदी फार थोडे. ती किल्ल्यापासून वाघोटण खाडीने आत, गिर्ये गावच्या बाजूला आहे. खडकात कोरलेली, साडेतीनशे फुटांच्या वर लांब. आज गाळाने बरीच भरली आहे. ओहोटीची वेळ बघून जा, भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. काठावर उभं राहून ७२ फुटांची गुराब मनात ठेवून पाहिली आणि लक्षात आलं की एका वेळी अशी कित्येक तिथे सहज मावतील. त्यासाठी टेप लागत नाही.

तिथूनच पुढे एका खाडीवर होडीचं काम चाललं होतं. सुतारकाका सत्तरीच्या पुढचे. त्यांना मी माझं पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल दाखवलं. त्यांनी आधी ते उलटं केलं, पठाणावरून, म्हणजे तळाच्या मुख्य कण्यावरून, अंगठा फिरवला, मग सरळ करून आडव्या भिंतीतल्या दोन भोकांकडे बोट केलं.

"हय तोफ?"

"हो काका, इथून पुढे मारायची."

"मगे ती मागे खंय येतली?"

एवढंच. पण परतीच्या एसटीत डोक्यात दुसरं काही नव्हतं. तोंडाने भरायची तोफ उडाली की मागे सरकते, आणि परत भरायला तिचं तोंड भिंतीच्या आत यावंच लागतं. बाहेर तर उघडं, निसरडं नाक, तिथे उभं राहून कोण भरणार? ९ पौंडी तोफ सात फूट धरली तर भिंतीमागे निदान चौदा फूट मोकळी जागा हवी. मॉडेलमध्ये ८९ मिमी. माझ्या आराखड्यात पुढची डोलकाठी बरोबर त्या पट्ट्यात होती. पर्याय दोन: डोलकाठी मागे न्यायची, किंवा दोन तोफांच्या बरोब्बर मधे ठेवून तोफा तिच्या दोन अंगांनी मागे सरकू द्यायच्या. भिंतीपाशी गुराबेची रुंदी मी तेरा फूट धरली होती. पुठ्ठ्याच्या दोन तोफा, गाड्यासकट, आणि मधे पेन्सिलीएवढी डोलकाठी ठेवून पाहिली. दोन्ही बाजूंना गोलंदाजाला कसंबसं उभं राहता येईल एवढी जागा उरली, पण दोरांची गुंतागुंत व्हायला लागली. डोलकाठी मागे नेली. ती मागे गेल्यावर मोठी डोलकाठीही थोडी सरकवावी लागली, आणि आश्चर्य म्हणजे सगळं जहाज जास्त पटण्यासारखं दिसायला लागलं. वहीत 'त', पण माझा सगळ्यात आवडता 'त'.

लाकडाबद्दल थोडं. मूळ जहाज सागवानी असणार, म्हणून मॉडेलही सागवानी करावं असं वाटतं. करू नका. सागाच्या रेषा १:४८ मध्ये फार ढोबळ दिसतात, फळीवर एकच रेघ पाच-सहा इंच रुंद असल्यासारखी. मी फळ्यांसाठी हेदू वापरला: बारीक पोताचा, पिवळसर, फण्या आणि कातकामासाठी वापरतात तो. वखारीत फर्निचरवाल्यांनी नाकारलेले आखूड तुकडे स्वस्तात मिळाले. तेल लावल्यावर रंग सागाच्या जवळ जातो. डोलकाठ्या मात्र सागाच्याच, सरळ रेषांचा तुकडा शोधून.

फळ्या दहा इंच रुंद धरल्या, म्हणजे ५.३ मिमी. भिजवून, गरम सळईवर वळवून, कोरड्या झाल्यावरच चिकटवल्या. पावसाळ्यात फळ्या चढवायचं काम बंद ठेवा. जूनमध्ये फुगलेली फळी डिसेंबरात फट दाखवते. यामुळेच माझं काम एवढं लांबलं.

फळ्या जोडण्याच्या पद्धतीवर मात्र अडले. १७७० च्या दशकात सुरतेला आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस लिहितो की तिथले कारागीर फळ्यांच्या कडा नुसत्या टेकवत नाहीत, खाच पाडून एकीत एक बसवतात आणि मधे कापूस घालतात. सुंदर पद्धत. पण सुरतेची. विजयदुर्गच्या सुताराने तीच वापरली असं म्हणायला मला आधार नव्हता, आणि १.३ मिमी जाडीच्या फळीच्या कडेत ती खाच कोणाला दिसणारही नव्हती. मॉडेलवर साध्या कडा ठेवल्या. खाचेचा जोड मोठ्या प्रमाणात वेगळा करून पाहिला, तो टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

पाण्याखालचा भाग पांढुरका आहे, चुना आणि तेल यांचा लेप या किनाऱ्यावर सर्रास देत म्हणून. तांब्याचा पत्रा नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, कारण किटमधल्या जहाजांना तळाला तांबं असतं. पण इंग्रज आरमारातच तांबं सरसकट आलं ते १७८० च्या सुमारास. १७५० च्या गुराबेला ते लावणं म्हणजे काळाचा घोटाळा.

तोफांची गंमत वेगळी. पितळी नळ्या मी परदेशातून मागवल्या, कारण ४४ मिमीची स्वच्छ कातलेली नळी मला इथे कोणी दोन-चार नगांसाठी करून देईना. विक्रेत्याने बिलावर लिहिलं "पितळी तोफा, ९ पौंडी". पार्सल अडकलं. कुरिअर कंपनीकडून ओळखपत्र आणि पॅन मागणारा संदेश आला, तो नेहमीचाच. त्यानंतर दुसरा: मालाचं स्वरूप स्पष्ट करा. मी पट्टी शेजारी ठेवून फोटो, वापराचं पत्र आणि विक्रेत्याकडून सुधारलेलं बिल पाठवलं. तीन आठवड्यांनी ड्यूटी भरून पार्सल सुटलं. तेव्हा मागवतानाच विक्रेत्याला सांगा: बिलावर "जहाजाच्या मॉडेलचे पितळी सुटे भाग, लांबी ४४ मिमी" असं लिही. पौंड हा शब्द नको.

खरं तर गोदीत घ्यायच्या आधी वजन कमी करायला तोफा उतरवतात. बाजूच्या मी उतरवल्या, खिडक्या रिकाम्या आहेत. पुढच्या दोन ठेवल्या. ज्यांच्यासाठी ती भिंत आणि ते नाक आहे त्याच नसतील तर बघणाऱ्याला काय कळणार? वहीत या दोन तोफांपुढे अक्षर नाही, "मुद्दाम" असं लिहिलंय.

दोरांबद्दल एकच सांगते, कारण यात भलेभले फसतात. जुन्या इंग्रजी तक्त्यांतलं दोराचं माप हे घेराचं असतं, व्यासाचं नाही. ६ इंची दोर म्हणजे व्यास १.९ इंच, मॉडेलमध्ये १ मिमी. व्यास समजून केलात तर ३.२ मिमीचा जाडजूड दोरखंड तयार होईल. डोलकाठीचे ताण, म्हणजे तिला आधार देणारे दोर, मी सुती दोऱ्याला ड्रिल मशीनवर पीळ देऊन केले, काथ्याचा रंग चहाच्या पाण्याने आणला. जाडी 'उ'.

खर्च विचाराल तर लाकूड, हत्यारांची पाती, प्रतिमा, मोडीवाचन, प्रवास, पार्सल आणि ड्यूटी धरून ३२,००० च्या वर गेला. त्यात सगळ्यात मोठा आकडा काचेच्या पेटीचा. पेटी आधी ठरवून मगच डोलकाठीची उंची वाहतुकीच्या दृष्टीने तपासा. माझी पेटी रिक्षात आडवी बसत नाही.

सप्टेंबरात एका स्थानिक इतिहास प्रदर्शनात गुराब ठेवली. नोंदणी अर्जात रकाने होते: जहाजाचं नाव, बांधणीचं वर्ष, मालक. मी लिहिलं: "नाव नाही. दोन डोलकाठ्यांची गुराब, सुमारे १५० टन, १७५० च्या आसपास, विजयदुर्ग. अंग आणि नाक ऑर्मच्या वर्णनावरून. उंची, दोर, फळ्यांची रुंदी अंदाजाने." आयोजकांनी पाटीवर छापलं, "मराठा आरमारातील युद्धनौका". त्यांची पाटी तशीच राहू दिली आणि नोंदवहीची झेरॉक्स शेजारी दोरीने बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलाने ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं की सुकाणूपुढे 'उ' का आहे, ते कोणत्या जहाजावरून घेतलंय. त्याला उत्तर देताना अर्धा तास गेला, आणि सुकाणूबद्दल त्याचं म्हणणं मला पटलं नाही ते नाहीच.